खेरसनची चित्रे: सुरक्षित स्थळी हलवली की लुटून नेली?

शिलालेख (धागाकर्ता):

द्नीपर नदीच्या उजव्या तीरावरचे खेरसन हे युक्रेनचे शहर रशियन सैन्याने मार्च २०२२ च्या आरंभी ताब्यात घेतले आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबर रोजी युक्रेनचे सैन्य तेथे परतले. शहर हातचे जाणार हे रशियन प्रशासनाला कळून चुकले होते, त्या शेवटच्या दिवसांत, म्हणजे ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर या काळात, तेथील शोव्कुनेंको कलासंग्रहालय रिकामे करण्यात आले. मालमोटारी आणि बसगाड्या दाराशी लावल्या गेल्या, हाताला लागेल त्या कापडात तैलचित्रे गुंडाळली गेली आणि सुमारे १४,००० कलाकृतींपैकी १०,००० हून अधिक, २०१४ पासून रशियाच्या ताब्यात असलेल्या क्रिमियात नेण्यात आल्या. पुढे क्रिमियाची राजधानी सिम्फरोपोल येथील तावरीदा संग्रहालयातील छायाचित्रे बाहेर आली, त्यांत ही चित्रे भिंतींना टेकवून एकावर एक रचलेली दिसतात.

रशियन बाजूचा खुलासा असा की ही लूट नसून तोफांच्या माऱ्यापासून केलेला बचाव आहे. तावरीदा संग्रहालयाच्या संचालकांनीही पत्रकारांना हेच सांगितले, की चित्रे आमच्याकडे तात्पुरती ठेवली असून हक्काच्या मालकाकडे जाईपर्यंत ती सांभाळण्याची सूचना आम्हाला आहे. हा खुलासा मला अजिबात पटत नाही. तो का पटत नाही हे मांडावे आणि ज्यांना तो पटतो त्यांचे म्हणणेही ऐकावे, म्हणून हा धागा काढत आहे.

युद्धकाळात कलाकृती हलवणे गैर नाही. स्पेनच्या यादवी युद्धात माद्रिदवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा प्रजासत्ताक सरकारने प्रादो संग्रहालयातील व्हेलास्केझ आणि गोयाची चित्रे आधी व्हॅलेन्सियाला नेली, तेथून कॅटलोनियात नेली आणि पराभव समोर दिसत असताना, फेब्रुवारी १९३९ मध्ये, आंतरराष्ट्रीय समितीशी रीतसर करार करून ती जिनिव्हाला राष्ट्रसंघाच्या स्वाधीन केली. पेट्या मोजून दिल्या, मोजून घेतल्या. युद्ध बंडखोर सेनापती फ्रँकोने जिंकले आणि चित्रे त्याच वर्षी माद्रिदला परतली, म्हणजे ज्यांनी ती हलवली त्यांच्या शत्रूच्या हाती गेली, कारण ती स्पेनची होती. बचाव म्हणतात तो असा असतो. त्यात हलवणाऱ्याला मालकीचा लोभ नसतो, काय नेले याची यादी उघड असते आणि परतीची वाट आधीच ठरलेली असते.

खेरसनमध्ये यातले काय होते? युद्ध सुरू झाले तेव्हा संग्रहालयाच्या इमारतीचे नूतनीकरण चालू होते. संचालक अलिना दोत्सेंको यांनी त्याचाच आधार घेऊन, चित्रे इथे नाहीतच, दुरुस्तीसाठी अन्यत्र हलवली आहेत, असे रशियन अधिकाऱ्यांना सांगून कित्येक आठवडे काढले. चित्रे प्रत्यक्षात तळघरात आणि कोठारातच होती. मे महिन्यात त्यांना शहर सोडून कीव्हला जावे लागले, जुलैमध्ये रशियन प्रशासनाने आपली संचालक नेमली आणि माहितगारांकडून कोठाराचा पत्ता लागला. ज्यांच्यापासून संग्रह दडवण्याची वेळ संचालकांवर आली, तेच पुढे त्याचे तारणहार म्हणून पुढे येतात. या म्हणण्यावर विश्वास ठेवायचा तर फार काही नजरेआड करावे लागते.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. २०२३ मध्ये रशियाने कायदा करून खेरसनसह युक्रेनच्या व्यापलेल्या चार प्रांतांतील संग्रहालयांचे संग्रह आपल्या राष्ट्रीय संग्रहालय निधीत दाखल करण्याची तरतूद केली. तात्पुरती ठेव म्हणून आणलेल्या वस्तूवर कोणी आपल्या सरकारी दप्तराचा क्रमांक घालीत नाही.


तटस्थ:

धागा वाचला. भावना समजते, पण आपण निकाल आधी लावून पुरावे नंतर मांडले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट, धोका खोटा नव्हता. नोव्हेंबर २०२२ पासून खेरसनवर सतत मारा होत आहे आणि संग्रहालयाच्या इमारतीलाही त्याची झळ बसली आहे. चित्रे तेथेच राहिली असती तर आज त्यांतली किती शाबूत असती? शेजारच्या घराला आग लागली तर घरमालकाच्या परवानगीची वाट न पाहता आपण त्याचे कपाट बाहेर काढतोच. याचे युद्धातले उदाहरण कुवेतचे आहे. १९९० मध्ये इराकने कुवेतच्या राष्ट्रीय संग्रहालयातील इस्लामी कलेचा संग्रह बगदादला नेला. त्यात आपल्याकडच्या मोगलकालीन रत्नांचा आणि दागिन्यांचा फार मोठा ठेवा होता. त्यानंतर संग्रहालयाची इमारत जाळण्यात आली आणि जे मागे राहिले त्यातले पुष्कळ भस्मसात झाले. नेलेला संग्रह मात्र १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली बहुतांशी परत आला. आक्रमकाने नेले म्हणून वाचले, हे कटू असले तरी खरे आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या तावरीदा संग्रहालयाला आपण लुटीचा साथीदार ठरवत आहात, त्याचे स्वतःचे काय झाले ते आपण लिहिलेले नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये क्रिमियातील चार संग्रहालयांनी, आणि त्यांत तावरीदाही होते, आपल्या प्राचीन वस्तू ॲम्स्टरडॅमच्या ॲलर्ड पियर्सन संग्रहालयाला प्रदर्शनासाठी दिल्या. पुढच्याच महिन्यात क्रिमिया रशियाकडे गेला. नऊ वर्षे खटला चालला, जून २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि सिथियन सोन्यासह ५६५ वस्तू कीव्हला पाठवण्यात आल्या. या वस्तू क्रिमियाच्या मातीतून निघाल्या होत्या, क्रिमियाच्या अभिरक्षकांनी (क्युरेटरांनी) त्या दशकानुदशके जपल्या होत्या आणि उसन्या दिलेल्या वस्तू देणाऱ्या संग्रहालयाकडे परत जाव्यात हा जगभरचा रिवाज आहे. तो मोडला तेव्हा लूट हा शब्द कोणी उच्चारला नाही.

तिसरे, एप्रिल २००३ मध्ये अमेरिकी फौजा बगदादमध्ये असताना इराकच्या राष्ट्रीय संग्रहालयातून सुमारे १५,००० वस्तू गेल्या. रणगाडे शहरात होते आणि संग्रहालयाच्या दाराशी पहारा नव्हता. त्याची जबाबदारी कोणी घेतली? पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी रंगवलेले चित्र आपण मराठीत जसेच्या तसे उतरवण्याची घाई करू नये, इतकेच माझे म्हणणे आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या चार प्रांतांच्या विलीनीकरणाविरुद्धच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, त्यामागेही काही विचार होताच.


शिलालेख:

तटस्थ, आपण कुवेतचे उदाहरण दिलेत हे बरे झाले, कारण ते माझ्याच म्हणण्याला बळ देते. कुवेतचा संग्रह परत आला तो इराकला उपरती झाली म्हणून नव्हे. युद्धात पराभव झाल्यावर सुरक्षा परिषदेच्या ठराव ६८६ ने कुवेतची मालमत्ता परत करण्यास इराकला भाग पाडले, म्हणून तो आला. त्याच संग्रहाचा एक भाग आक्रमणाच्या वेळी लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयात प्रदर्शनासाठी गेलेला होता. तोही वाचला, आणि तो मालकाच्या संमतीने गेला होता. आणि इमारत जाळली कोणी? कुवेतमध्ये ज्यांनी संग्रह नेला त्यांच्याच राजवटीत ती जळली. खेरसनवर आज द्नीपरच्या डाव्या तीरावरून जो मारा होतो, तो रशियन सैन्याचाच आहे. शेजाऱ्याचे कपाट बाहेर काढणाऱ्याचे आपण जरूर आभार मानू, पण आग त्यानेच लावलेली असेल तर त्याच्या घरात ते कपाट का आहे याचा जाब विचारावाच लागेल.

सुरक्षिततेचाच मुद्दा असेल तर सिम्फरोपोल सुरक्षित आहे का? सप्टेंबर २०२३ मध्ये सेवास्तोपोलमधील रशियन आरमाराच्या मुख्यालयावर क्षेपणास्त्रे पडली. क्रिमिया हा या युद्धाचा तळ आहे. चित्रे वाचवायची होती तर ती युनेस्कोच्या मध्यस्थीने तिसऱ्या देशात नेता आली असती. निदान तशी विचारणा तरी करता आली असती.

ॲम्स्टरडॅमच्या निकालाबद्दल आपल्या खंतीत तथ्य आहे. ज्या अभिरक्षकाने एखादी वस्तू आयुष्यभर सांभाळली, त्याच्या हातून ती जाते तेव्हा त्याला काय वाटत असेल याची मला कल्पना आहे. तरीही तो निकाल उघड्या न्यायालयात लागला, दोन्ही बाजूंना वकील होते, तीन पायऱ्यांवर सुनावणी झाली आणि वस्तूंची यादी पहिल्या दिवसापासून सर्वांसमोर होती. खेरसनच्या बाबतीत चार-पाच दिवसांत गाड्या भरून गेल्या. या दोन घटनांना एकाच तागडीत घालणे मला अन्यायाचे वाटते.

बगदादबद्दल मात्र आपल्याशी पूर्ण सहमत आहे. शहर ताब्यात घेणाऱ्यावर तेथील संग्रहालयाची राखण करण्याची जबाबदारी असते आणि अमेरिकेने ती पाळली नाही. पण तेथे घडले त्यामुळे खेरसनचा अपराध कणभरही हलका होत नाही.


तसबीर:

मी व्यवसायाने कलाकृतींच्या नोंदणीचे काम करते, म्हणून या वादातल्या एकाच बाबीवर लिहिते, आणि ती म्हणजे यादी.

चित्राची ओळख त्याच्या पाठीवर असते. समोरून दिसते ती प्रतिमा, तिची नक्कल होऊ शकते, छायाचित्रावरून फसगतही होऊ शकते. चित्र उलटे केले की कॅनव्हास ताणून बसवलेल्या लाकडी ताणपट्टीवर नोंद क्रमांक रंगवलेला किंवा लिहिलेला असतो, जुन्या प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, कधी शिक्के असतात, कॅनव्हासला पूर्वी लावलेले ठिगळ दिसते, कोपऱ्यातले खिळे बदलल्याच्या खुणा दिसतात. हे सारे नोंदपत्रावर उतरवलेले असेल तरच उद्या न्यायालयात उभे राहून ‘हेच ते चित्र’ असे सांगता येते. आणि कोणाला चित्राचा पूर्वेतिहास पुसायचा असेल तर तो पहिला हात पाठीमागच्या चिठ्ठ्यांनाच घालतो.

खेरसनच्या कर्मचाऱ्यांनी संग्रहाची संगणकीय नोंद आक्रमकांच्या हाती लागू दिली नाही, ही माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. सिम्फरोपोलमधून बाहेर आलेल्या चित्रफिती आणि छायाचित्रे ते आज क्षणाक्षणाला थांबवून पाहतात. भिंतीला टेकवलेल्या रांगेत एखाद्या चौकटीचा कोपरा, एखाद्या निसर्गचित्राचा चतकोर भाग एवढेच दिसते, आणि ते नोंदीतल्या छायाचित्राशी ताडून पाहिले जाते. या रीतीने शंभराहून अधिक चित्रे त्यांनी नावानिशी ओळखली आहेत. हे काम किती किचकट आहे हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल.

आता तटस्थ यांना एक साधा प्रश्न. ठेव म्हणून आणलेल्या वस्तूंची यादी ठेव घेणाऱ्याने जाहीर करायची असते. आमच्या क्षेत्रात एका संग्रहालयातून दुसऱ्यात एक चित्र जरी गेले तरी दोन्हीकडच्या माणसांसमोर पेटी उघडली जाते, प्रत्येक ओरखडा स्थिती-अहवालात लिहिला जातो आणि दोघांच्या सह्या होतात. सिम्फरोपोलने असा अहवाल खेरसनला, कीव्हला किंवा युनेस्कोला दिला असता, तर संग्रहालयाच्या माणसांना चित्रफितींतून आपली चित्रे हुडकत बसण्याची वेळ का आली असती?


सनद:

कायद्याच्या बाजूने पाहता हा प्रश्न वरवर वाटतो तितका सरळ नाही, आणि धागाकर्त्यांनी त्याकडे दुर्लक्ष केले आहे.

सांस्कृतिक मालमत्तेच्या संरक्षणाचा १९५४ चा हेग करार आणि त्याचा पहिला जोडकरार रशिया आणि युक्रेन या दोघांनाही लागू आहे. भारतही १९५८ पासून त्यात आहे. पहिला जोडकरार सांगतो की व्यापलेल्या प्रदेशातून सांस्कृतिक मालमत्ता बाहेर जाऊ देऊ नये, गेली तर युद्धसमाप्तीनंतर ती परत करावी आणि युद्धाची भरपाई म्हणून ती कधीही ठेवून घेऊ नये. आता पेच पाहा. युक्रेनच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या भूमिकेनुसार क्रिमिया हाही युक्रेनचाच व्यापलेला प्रदेश आहे. मग खेरसनहून सिम्फरोपोलला नेलेली चित्रे ‘व्यापलेल्या प्रदेशातून बाहेर’ गेली असे म्हणायचे कसे? ज्या भूमिकेवर युक्रेनचा क्रिमियावरचा हक्क उभा आहे, तीच भूमिका या कलमाचा आधार कमकुवत करते. १९९९ चा दुसरा जोडकरार याहून व्यापक आहे, कारण त्यात निर्यातीबरोबर अन्य प्रकारे हलवणे आणि मालकी बदलणेही निषिद्ध आहे. युक्रेनने तो २०२० मध्ये स्वीकारला, पण रशिया त्यात सामील नाही.

तरीही रशियाची सुटका होत नाही, असे माझे मत आहे, आणि त्याला दोन आधार आहेत. १९०७ च्या हेग नियमावलीचे ५६ वे कलम कला आणि विज्ञानाला वाहिलेल्या संस्थांची मालमत्ता जप्त करण्यास मनाई करते. तेथे निर्यातीचा प्रश्नच येत नाही, आणि ही नियमावली प्रथेने सर्वांना बांधील मानली जाते. दुसरे असे की १९५४ च्या कराराचे ५ वे कलम व्यापणाऱ्या सत्तेला जतनाचे तातडीचे उपाय करण्याची मुभा देते, पण ती व्याप्त देशाच्या अधिकाऱ्यांच्या सहकार्यानेच. दोत्सेंको यांना बाजूला सारून आपला माणूस नेमणे याला सहकार्य म्हणता येणार नाही. म्हणून ‘बेकायदा निर्यात’ म्हणण्यापेक्षा ‘बेकायदा जप्ती’ म्हणून हा आरोप मांडला तर तो अधिक टिकेल, आणि २०२३ चा तो संग्रहालय कायदा हा जप्तीचा रशियाच्याच हातचा लेखी पुरावा ठरेल.


मूर्तिजापूरकर:

सनद यांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण कलमांनी चित्रे परत येत नाहीत असा इतिहास आहे, आणि मला वाटते या धाग्यावर ते कोणी तरी सांगायला हवे.

१९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने जर्मनीतून अगणित कलाकृती नेल्या. त्याआधी नाझींनी सोव्हिएत भूमीवरची संग्रहालये आणि राजवाडे ज्या निर्दयपणे लुटले, ते पाहता त्या कृतीमागचा संताप समजण्यासारखा होता. ड्रेस्डेनच्या चित्रशाळेतला राफाएलच्या ‘सिस्टाइन मॅडोना’सह मोठा संग्रह १९५५ मध्ये परत गेला, कारण पूर्व जर्मनी तोवर मित्रराष्ट्र झाले होते. पश्चिम जर्मनीतल्या ब्रेमेनची गोष्ट वेगळी झाली. व्हिक्तर बाल्दिन नावाच्या एका सोव्हिएत अधिकाऱ्याने ब्रेमेनच्या कलासंग्रहालयाची ३६२ रेखाटने आणि दोन चित्रे एका किल्ल्याच्या तळघरातून उचलून जपून नेली आणि पुढे ती परत करावीत म्हणून अनेक वर्षे आपल्याच सरकारकडे खटपट केली. ती परत गेली नाहीत. बर्लिनहून नेलेले प्राचीन ट्रॉय नगरीचे सोने तर मॉस्कोत असल्याचेच दशकानुदशके नाकारले जात होते आणि १९९६ मध्ये ते पुश्किन संग्रहालयात प्रदर्शनात मांडले गेले. दोनच वर्षांनी रशियाने कायदा करून अशी सारी मालमत्ता राष्ट्राची ठरवली. न्यायाची बाजू ब्रेमेनचीही होती, पण ड्रेस्डेनला मैत्री उपयोगी पडली.

म्हणून माझे मत धागाकर्त्यांच्या विरुद्ध आहे. लूट, चोर, अपराधी असे शब्द रोज वापरून सिम्फरोपोलच्या माणसांना कोपऱ्यात ढकलण्यात कोणाचेही हित नाही. तेथे आज ती चित्रे प्रत्यक्ष सांभाळणारा एखादा अभिरक्षक असेल, ओल लागू नये म्हणून धडपडणारा एखादा साहाय्यक असेल. उद्या परतीची वाट निघाली तर ती त्यांच्यातूनच निघेल. एक तरी बाल्दिन तेथे असेल असे मानून बोलावे.


शिलालेख:

मूर्तिजापूरकर, बाल्दिन यांची आठवण काढलीत याबद्दल मनापासून आभार. पण त्यांच्याकडे पाहताना मला नेमके उलटे जाणवते. ती रेखाटने ब्रेमेनची आहेत हे त्यांना ठाऊक होते आणि ते त्यांनी बोलून दाखवले. त्यांनी ‘ठेव’, ‘बचाव’ अशा शब्दांचा आडोसा घेतला असता तर परत करण्याची मागणी करण्याचे कारणच उरले नसते. सिम्फरोपोलच्या सामान्य कर्मचाऱ्याला मी चोर म्हणत नाही, तसे माझ्या लेखात कोठेही नाही. त्याने चित्राला वाळवी लागू दिली नाही तर त्याचे ऋण खेरसनवर राहील. पण ज्यांनी गाड्या पाठवल्या आणि ज्यांनी कायदा केला त्यांच्या कृतीला तिचे खरे नाव देण्यावाचून गत्यंतर नाही, कारण नाव सौम्य केले की परतीचा दावाही सौम्य होतो.

आणि मैत्रीखेरीज काही परत जात नाही, हे सर्वस्वी खरे नाही. बर्लिनच्या झिंग-अकादमीचा संगीत-हस्तलिखितांचा संग्रह १९४५ नंतर कीव्हमध्ये होता. त्यात पाच हजारांहून अधिक संगीत-हस्तलिखिते होती आणि त्यांतली सुमारे पाचशे बाख घराण्यातील संगीतकारांची होती. १९९९ मध्ये त्याचा पत्ता लागला आणि २००१ मध्ये युक्रेनने तो बर्लिनला परत केला. नाझी सैन्याने कीव्हचे काय केले होते हे आठवले की या कृतीचे मोल कळते. त्याच वेळी मॉस्कोत १९९८ चा कायदा लागू होता. दोन देशांनी एकाच युद्धाच्या वारशाचे काय केले, ते या दोन गोष्टींत दिसते.

सनद यांचा ‘जप्ती’चा मुद्दा मी स्वीकारतो. माझी मागणीही तेवढीच नेमकी आहे: युद्ध संपण्याची वाट न पाहता, सिम्फरोपोलमध्ये असलेल्या प्रत्येक कलाकृतीची छायाचित्रांसह आणि स्थिती-अहवालासह यादी युनेस्कोकडे दिली जावी, आणि कोणत्याही शस्त्रसंधीच्या मसुद्यात कैद्यांच्या देवाणघेवाणीसारखेच या यादीचेही स्वतंत्र कलम असावे.


तटस्थ:

यादीच्या मागणीला माझा पाठिंबा आहे. तसबीर यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही, ठेव असेल तर पावती हवीच. आग कोणी लावली याबद्दलचे आपले म्हणणेही मी नाकारीत नाही. मात्र नदीपलीकडून तोफा चालू असेपर्यंत ही चित्रे खेरसनच्या त्या इमारतीत परत नेऊ नयेत, या मतावर मी ठाम आहे, आणि क्रिमियाच्या संग्रहालयांना ॲम्स्टरडॅममध्ये न्याय मिळाला असेही मी मानणार नाही.


तसबीर:

पहिल्या मुद्द्यावर दुमत नसावे. परत येणारी चित्रे लगेच खेरसनच्या भिंतींवर लावा असे तेथील संग्रहालयाचे लोकही म्हणणार नाहीत. ती कोठे आणि कशी ठेवायची हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्यांचा आहे, आणि १०,००० हून अधिक कलाकृतींची पाठ नोंदीशी ताडून पाहायला त्यांना कित्येक वर्षे लागणार आहेत. ते काम सुरू करायला चित्रे हाती येण्याची गरज नाही, पाठीची छायाचित्रे मिळाली तरी पुरेत.